मोनाचं वजन

कुंडल, ९ ऑक्टोबर २०२४

अहो,

मोना पोहोचली. तुमच्या तुकडीतला ज्ञानू तिला घेऊन सकाळी किर्लोस्करवाडीला उतरला. त्याला पुढे जतला जायचं होतं, तरी तो घरापर्यंत आला. जयराज भावजींची जीप होती. मोना माझ्या पायाशी बसली होती पण बाहेर बघत होती.

अंगणात उतरल्यावर ज्ञानू म्हणाला, "घ्या वैनी, तुमची सवत आणली बघा. आठ वर्सं हवालदारसायबांच्या खाटंखाली झोपलीया." सगळे हसले. मीही हसले. तो चहा पिऊन गेला तेव्हा मोना फाटकापर्यंत त्याच्यामागे गेली आणि तिथेच उभी राहिली.

तिच्या पिशवीत चार पानं होती. फौजेतून निवृत्त झालेल्या कुत्रीला कसं सांभाळायचं याची. अकरा वर्षांत तुमचं मला आलेलं पत्र एका पानाच्या पुढे गेलेलं नाही. मी हे मोजायला नको होतं.

पहिलं पान वाचलं. तिच्या डोक्यावरून हात न्यायचा नाही, हनुवटीखालून न्यायचा. समोरून चालत जायचं नाही. कडेला बसायचं, तिच्याकडे न बघता, आणि तिला येऊ द्यायचं. ती जांभई देते तेव्हा झोप आलेली नसते, अवघडलेली असते. ओठ चाटते तेव्हा भूक लागलेली नसते, भीती वाटत असते. हाक एकदाच मारायची. आली नाही तर चूक हाक मारणाऱ्याची.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

नोकरी वाढवून घ्यायच्या फॉर्मचंही कळलं. मार्चमध्ये तुमची मुदत संपते. मोना माझ्याजवळ रुळली तर निर्धास्तपणे दोन वर्षं वाढवून घेता, नाही रुळली तर घरी येता. फॉर्म एकतीस जानेवारीपर्यंत भरायचा. तोवर रविवारी तिचं वजन करून मी तुम्हाला कळवायचं. कळवीन. आज सत्तावीस किलो भरलं. भावजींच्या बेदाणा शेडमधल्या काट्यावर केलं.

पत्रानेच कळवीन. फोन आत्तींच्या हातात असतो आणि स्पीकर चालू असतो.

राजेश्वरी


कुंडल, २० ऑक्टोबर

अहो,

मोना खात नाही. आज दहावा दिवस. भात आणि उकडलेलं अंडं देऊन बघितलं. दूधभाकरी दिली. ती थाळीजवळ येते, हुंगते, तोंड फिरवते. पाणी पिते, रात्री कधीतरी वाटीभर दूध. उरलेला दिवस उंबऱ्यावर, तोंड बाहेर करून.

तुम्ही तिच्या अंथरुणात ठेवायला तुमचा न धुतलेला शर्ट पाठवला होता. तो बाकीच्या कपड्यांबरोबर धुतला गेला. भिजवताना लक्षात आलं नाही. आता तुमच्या कपाटात घडी करून ठेवला आहे.

आत्ती काल म्हणाल्या, "माणसावानी दारात बसती गं ही. कुनाची वाट बगती?"

"तुमच्या लेकाची," मी म्हटलं.

"मग तू का न्हाई बसत?"

मी शाळेत निघाले होते. नववीच्या निबंधाच्या वह्या घेतल्या आणि गेले.

वजन पंचवीस किलो चारशे.

राजेश्वरी


कुंडल, ३ नोव्हेंबर

अहो,

पाडव्याला तुमचा फोन आला. बारा मिनिटं. त्यातली सात मोनाशी.

तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून लिहिते. तुमचा आवाज आल्यावर ती उठली. आधी फोनकडे आली. मग फोनच्या मागे बघितलं. मग आत्तींच्या मागे. तुम्ही बोलतच होतात. ती माजघरात गेली, स्वयंपाकघरात गेली, न्हाणीत गेली, कपाटापुढे उभी राहिली. मग फाटकाशी गेली आणि अंधार पडेपर्यंत आली नाही. तुमच्या तिसऱ्या पानावर आहे की जे द्यायचं नाही ते तिला दाखवू नये. फोन करू नका. म्हणजे तिला करू नका.

मला तुम्ही विचारलंत, "बाकी सगळं बरं ना?" मी बरं म्हटलं. आत्ती समोर होत्या.

फटाक्यांना ती भिते हे तुम्ही लिहिलं होतं. लक्ष्मीपूजनाला ती ज्वारीच्या पोत्यांमागे जाऊन बसली. थरथरत होती. मी पोत्यांच्या अलीकडे जमिनीवर बसले, तिच्याकडे पाठ करून. पानावर होतं म्हणून. नवी साडी होती. दीड तास बसले. ती माझ्याजवळ आली नाही. मी कुणाजवळ गेले असते तेही मला ठाऊक नाही.

वजन चोवीस सहाशे.

राजेश्वरी


कुंडल, १७ नोव्हेंबर

अहो,

तुमचं कुत्रं हट्टी आहे. हे तुमच्या पानांत कुठे नाही.

भावजी मळ्यात नवी विहीर पाडतायत. आज सकाळी मी मोनाला त्या बाजूला फिरायला नेलं होतं. विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोपटापाशी ती थांबली, दाराला नाक लावलं आणि बसली. उठेना. पट्टा ओढला तरी हलेना. नुसती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. विहिरीवरची गडीमाणसं काम सोडून बघायला लागली.

एकजण म्हणाला, "बाई, शाळंत पोरास्नी करता तसं करा. अंगठं धरायला लावा."

दुसरा म्हणाला, "मिलिट्रीतली हाय ती. बाईमाणसाचं ऐकनार व्हय?"

मी तिला ओढून घरी आणलं.

तुमच्या शब्दाशिवाय हलायचं नाही असं तुम्ही तिला शिकवलंत की काय? तसं असेल तर तुम्हाला ते चांगलं जमतं.

वजन चोवीस शंभर. फॉर्मचं काय ते तुम्ही बघा.

राजेश्वरी


कुंडल, १ डिसेंबर

अहो,

वजन तेवीस आठशे. खात नाही.

बाकी ठीक. ऊसतोड सुरू झाली. आत्तींचा गुडघा दुखतो आहे.

राजेश्वरी


कुंडल, १५ डिसेंबर

अहो,

तुमचं पत्र मिळालं. दोन पानं.

फॉर्म भरत नाही, मार्चमध्ये येतो, मोनाचे असे हाल ऐकवत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. आत्तींना वाचून दाखवलं. "हाल ऐकवत नाहीत" गाळलं. त्या उठल्या, गुडघ्यासकट, आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. भावजींच्या, शेजारच्या रेश्माच्या, माझ्या. मी खाल्ली.

रेश्मा म्हणाली, "काय वैनी, तोंड असं का? नवरा यायलाय आन् तुमी सुतकात."

मी अकरा वर्षं बरी होते. तुम्हाला यायची गरज पडली नाही.

मोनाला सांगलीच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलंत. नाताळच्या सुट्टीनंतर नेईन. तुम्ही त्यांना मेसेज करून ठेवणार आहात तर करा.

वजन तेवीस दोनशे.

राजेश्वरी


कुंडल, ५ जानेवारी २०२५

अहो,

हे पत्र मोठं होईल. ते एकट्याने वाचा.

काल मोनाला सांगलीला नेलं. डॉक्टर सई तुम्ही सांगितलं तशाच आहेत. तरुण आहेत. मोना आत आली तेव्हा त्यांनी तिला हात लावला नाही, टेबलावरही चढवलं नाही. खुर्ची सोडून फरशीवर बसल्या, भिंतीकडे तोंड करून, आणि माझ्याशी विहिरींबद्दल बोलत राहिल्या. थोड्या वेळाने मोनानेच त्यांचा कान हुंगला. मग त्यांनी तपासलं. मला ते बघवलं नाही. ती परक्या बाईकडे इतक्या लवकर जाईल असं मला वाटलं नव्हतं.

मग त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. अठ्ठावीस किलो तीनशे.

तुम्ही त्यांना माझी सगळी वजनं पाठवली होती. ती त्यांच्या मोबाइलवर होती. त्यांनी मोबाइल बघितला, काटा बघितला. मग म्हणाल्या, "वजन जरा जास्तच आहे. भाकरी कमी करा." मी पैसे द्यायला उठले तेव्हा म्हणाल्या, "मी त्यांना काही कळवत नाही. तुम्ही कळवा."

म्हणून कळवते.

सतरा नोव्हेंबरपर्यंतची वजनं खरी आहेत. एक डिसेंबरला चोवीस नऊशे होतं, मी तेवीस आठशे लिहिलं. पंधरा डिसेंबरला सव्वीस सहाशे होतं, मी तेवीस दोनशे लिहिलं. काट्यावरचा आकडा बघायचा, घरी यायचं आणि दुसरा लिहायचा. पहिल्यांदा हात अडखळला. दुसऱ्यांदा नाही.

शर्ट चुकून धुतला गेला नाही. पिशवी उघडली तेव्हा तो वर होता. मी तो माझ्या उशाशी घेतला. दोन दिवस ठेवला. मोना खोलीच्या दाराशी येऊन बसायची आणि नाक वर करायची. तिला कळत होतं तो कुठे आहे. तिसऱ्या दिवशी मी तो साबण लावून दोनदा धुतला. तो वास तिच्यासाठी पाठवलेला होता. मला तुम्ही कधी काही न धुता पाठवलेलं नाही. ती त्याच दिवसापासून खायची थांबली, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

विहिरीपाशी मी तिला नुसतं ओढलं नाही. गडी हसले म्हणून पट्ट्याचं टोक दुमडून तिला मारलं. तीनदा, पाठीवर. ती ओरडली नाही, पळाली नाही. ओठ चाटले आणि बसून राहिली. मग ओढलं. पत्र तुम्हाला दुपारी लिहिलं आणि पेटीत टाकून आले.

संध्याकाळी भावजी आले. दारातूनच म्हणाले, "वैनी, तुमच्या सवतीनं मला धरलं की आज."

"म्हणजे?"

"खोपटात जिलेटिनच्या कांड्याची पेटी हाय, सुरुंगाची. गडी सांगत होतं, दारातनं हलंना म्हनून. तिला म्हनावं, पोलिसाला सांगू नगंस."

ते हसत होते. आत्तीही हसल्या. मी आत जाऊन तुमची पानं काढली. तोवर मी तीनच वाचली होती. तिसऱ्या पानावर तिला दुपारी कुठल्या कुशीवर झोप येते ते होतं, तिथे मी थांबले होते. चौथं पान त्या दिवशी वाचलं. "ती एखाद्या जागी बसली आणि मान वळवून बघितलं तर तो हट्ट नव्हे. तिला स्फोटकांचा वास सापडलाय, ती सांगते आहे. लगेच शाबासकी आणि चेंडू. दोन श्वासांच्या आत. उशिरा दिलेलं कशाबद्दल ते तिला कळत नाही."

त्याखाली माझ्यासाठी काही असेल असं मला वाटलं. नव्हतं.

म्हणजे आयुष्यभर ज्याबद्दल तिला शाबासकी मिळाली, त्याबद्दल मी तिला पट्टा दिला होता. आणि माफी मागायची वेळ दोन श्वासांची होती, ती सकाळीच संपली होती. संध्याकाळी मी तिच्यापुढे चेंडू टाकला. तिने चेंडूकडे बघितलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी भावजींना पेटी तिथून हलवायला लावली आणि कांड्यांचं एक रिकामं खोकं मागून घेतलं.

"रिकामं कशाला?" ते म्हणाले.

"तिला परत विचारायचंय," मी म्हटलं.

त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. पण दिलं.

पट्टा मी अडगळीत टाकला. वासराचं मऊ दावं घेतलं. शाळा सुटली की खोकं बांधाच्या कडेला गवतात ठेवायचं, घरी जाऊन तिला आणायचं, आणि दावं सैल सोडायचं. चेंडू डाव्या हातात. पहिल्या दिवशी ती खोक्यापाशी आली, श्वास बदलला, आणि पुढे निघून गेली. तिला सापडलं होतं. तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ती थांबली, माझा उजवा हात कुठे आहे ते बघितलं आणि खोक्याला लांबून वळसा घातला. मी हात पदरात घेतला. नंतर उभीच राहिले नाही. बांधावर बसायचे, तिच्याकडे कड करून, आजूबाजूला अंड्याचे तुकडे टाकून ठेवायचे. ती तुकडे हुंगायची. खायची नाही. सहाव्या दिवशी एक खाल्ला. तो मी तुम्हाला कळवला नाही.

आत्ती विचारायच्या, "रोज त्या बांधाला काय हाय गं? आन् ती रिटायर झाली न्हवं? पुन्यांदा ड्यूटी लावलीस व्हय?"

अकराव्या दिवशी, म्हणजे अठ्ठावीस नोव्हेंबरला, मी बांधावर बसून नखं बघत होते. दावं हललं नाही म्हणून मान वळवली. ती खोक्यापुढे बसली होती. मान फिरवून माझ्याकडे बघत होती. हाताकडे नव्हे, तोंडाकडे.

माझ्या तोंडून "शाबास" आलं. तुम्ही फोनवर तिला म्हणता त्याच स्वरात. मी चेंडू टाकला. एका श्वासात टाकला असेल. तिने तो पकडला आणि माझ्याभोवती फेऱ्या मारायला लागली, नऊ वर्षांची म्हातारी कुत्री. मी दावं सोडून दिलं. मीही तिच्यामागे पळाले. ऊस उंच होता, कुणी बघितलं नाही. घरी येऊन तिने थाळी संपवली आणि माझ्या ताटाकडे बघितलं.

तीन दिवसांनी मी तुम्हाला लिहिलं, खात नाही.

का, ते लिहिणं अवघड आहे, पण आता थांबत नाही. एक कारण तुम्हाला कळलं असेल. ती बरी झाली असती तर तुम्ही फॉर्म भरला असता. ती उपाशी असेल तरच तुम्ही घरी येणार होतात. तेव्हा ती पत्रात उपाशी राहिली.

दुसरं कारण वेगळं आहे. अठ्ठावीस नोव्हेंबर मला तुम्हाला द्यायचा नव्हता. तुमच्याकडे तिची आठ वर्षं आहेत, बर्फातली, डोंगरातली, काय काय ज्ञानू सांगत होता. माझ्याकडे एक दुपार आहे. ती तुम्हाला लिहिली असती तर तुम्ही खूश झाला असता, आणि तिच्यावर खूश झाला असता.

आता ती माझ्या खाटेखाली झोपते. मी शाळेत जाते तेव्हा उंबऱ्यावर बसते आणि मी दिसल्यावर शेपूट आधी हळू हलवते, मग जोरात. आत्ती तिला भाकरीचा पहिला तुकडा देतात आणि मला म्हणतात, मी दिलेला नाही. मार्चमध्ये तुम्ही फाटकातून याल आणि ती माझ्या पायापासून उठेल. तिने उठायलाच पाहिजे. मला ते आतापासून दिसतं. कधी कधी तुम्ही येऊ नये असंही वाटतं, तेवढ्यासाठी. आधी मला तिच्याबद्दल वाटायचं ते आता तुमच्याबद्दल वाटतं. यात तुम्ही काही केलेलं नाही.

आज सकाळी आत्तींना सगळं सांगितलं. त्यांनी गुडघ्याला तेल लावत ऐकलं. मग म्हणाल्या, "न्हाई लिवलंस तर काय हुतंय? येतोय तर खरं."

"मोनासाठी येतायत, आत्ती."

"कुनासाटनं का असंना. एकदा आला म्हंजे आला."

"तिकडून येऊन तिला धडधाकट बघतील. मग?"

त्यांनी तेलाची बाटली बंद केली. "मग तुला काय म्हनायचं ते म्हन त्येला," म्हणाल्या. "पर मला स्पीकरवर ऐकवू नगंस."

मला म्हणायचं ते हे आहे. मोना खाते, झोपते, खेळते. तिच्यासाठी तुम्ही यायची काही गरज नाही. फॉर्मला अजून सव्वीस दिवस आहेत, हे पत्र तुम्हाला दहा-बारा दिवसांत मिळेल. दोन वर्षं वाढवून घ्यायची असतील तर घ्या, तिची काळजी लागणार नाही. मी तिला सांभाळीन. चांगलं सांभाळीन.

माझं तसं नाही. पाडव्याला तुम्ही विचारलंत तेव्हा मी बरं म्हटलं, तेही वजनांसारखंच होतं. मी बरी नाही. गेली सहा-सात वर्षं नाही. लोक मूल कधी म्हणून विचारायचे, आता विचारत नाहीत, त्याच सुमारापासून. तुम्ही सुट्टीवर आलात की सरळ समोरून येता, दोन दिवस बोलता, आणि मी गप्प झाले की मी दमले असं समजता. मी दमलेली नसते. हे तुम्हाला कळायला हवं होतं असं मी कितीदा मनात म्हटलं आहे. पण मी कधी सांगितलं नाही, तेव्हा आज सांगते. हे काही उशिरा कळून वाया जाणारं नाही. मी माणूस आहे.

यायचं कारण आता तुमच्यापुढे एकच आहे, मी. त्याच्यासाठी येता येत असेल तर या. नसेल तर फॉर्म भरा, आणि भरलात हे मला पत्राने कळवा. मी आत्तींना वाचून दाखवीन, काही न गाळता.

राजेश्वरी